पुण्यातला एक्झोरा: पाने पिवळी का पडतात, आणि फुलातला मध मुलांनी चोखावा का?

बावधनच्या एका सोसायटीतून आलेल्या प्रश्नाचा आशय असा आहे: कुंपणभिंतीलगत लाल एक्झोराची रांग आहे आणि गच्चीत त्याच्याच काही मोठ्या कुंड्या आहेत. दोन्हीकडे नवी पालवी पिवळट निघते, अगदी पावसाळ्यातही. शेणखत, बोनमील (हाडांचा चुरा) आणि अंड्यांची टरफले नियमित घालूनही फुलांचे घोस तुरळकच येतात. शिवाय घरातली सहा वर्षांची नात, रत्नागिरीकडच्या आजीने शिकवल्याप्रमाणे, फुलातला मध चोखते. तो तिला चोखू द्यावा की नाही, अशीही विचारणा आहे. हे तीन प्रश्न वेगवेगळे दिसले तरी त्यांची उत्तरे एकमेकांत अडकलेली आहेत, कारण मुळांशी आपण जे घालतो त्यावर पानांचा रंग ठरतो, आणि त्यातले काही पदार्थ फुलाच्या मधापर्यंतही पोहोचतात. म्हणून आधी मातीविषयी आणि पाण्याविषयी लिहितो, मग मधाविषयी.

एक्झोरा कॉक्सिनिया, म्हणजे कोणी रुक्मिणी, कोणी बकोरा, कोणी पेंटगूळ म्हणतात ते झुडूप, मूळचे दक्षिण भारत आणि श्रीलंकेतले आहे. त्या प्रदेशात पाऊस भरपूर पडतो, जमिनीतला चुना वाहून जातो आणि मागे लोहयुक्त, आम्लधर्मी तांबडी माती उरते. कोकणातली जांभ्याची जमीन याच जातीची असल्यामुळे तिथल्या अंगणात हे झुडूप कोणी लक्ष न देताही वर्षभर फुललेले दिसते. ज्या कुळात कॉफी आणि आपला अनंत आहे, त्याच कुळातले हे झाड आहे, आणि पुण्यात अनंताची पाने ज्या कारणाने पिवळी पडतात त्याच कारणाने एक्झोराचीही पडतात. त्याला साधारण साडेपाच ते साडेसहा सामूची (पीएच) माती मानवते. पुण्याची जमीन मात्र बेसाल्ट खडकापासून बनलेली, चुनखडीचे कण असलेली, आणि बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ सामूची असते. मातीत लोह नसते असे मुळीच नाही, उलट बेसाल्टात ते मुबलक असते. परंतु सामू सातच्या वर गेला की ते अविद्राव्य रूपात अडकून राहते आणि मुळांना उचलता येत नाही.

तुमच्या झाडांना हाच त्रास आहे का, हे पानांवरून बऱ्यापैकी कळते. लोहाची कमतरता नेहमी कोवळ्या पानांवर आधी दिसते: शिरा हिरव्या राहतात, मधला भाग पिवळा पडतो, आणि कमतरता वाढली तर नवे पान जवळजवळ पांढरट निघून कडेने करपते. याउलट खालची जुनी पाने सरसकट पिवळी पडत असतील तर नत्राचा (नायट्रोजनचा) विचार करावा, आणि जुन्या पानांवर तपकिरी-जांभळट ठिपके पडत असतील तर बहुधा पालाश (पोटॅशियम) किंवा स्फुरद (फॉस्फरस) कमी पडत असते. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा दहा अंशांच्या आसपास किंवा खाली उतरतो तेव्हा मुळे मंदावतात, त्यामुळे त्या दिवसांत थोडा पिवळेपणा आणि पानांवर तांबूस झाक निरोगी झाडावरही येते. ती मार्चमध्ये आपोआप जाते आणि तिच्यावर उपचार करत बसू नये. तुम्ही वर्णन केलेला पिवळेपणा पावसाळ्यातही टिकून आहे आणि नव्या पालवीवरच आहे, म्हणून मी तो लोहाचाच धरून चालतो. एक शक्यता तेवढी तपासावी: कुंडीचे भोक बुजून पाणी साचत असेल तर गुदमरलेली मुळेही लोह उचलू शकत नाहीत आणि लक्षणे हुबेहूब तीच दिसतात.

मातीत मोकळा चुना किती आहे हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी घरीच एक चाचणी करता येते. भिंतीलगतची एक मूठ कोरडी माती वाटीत घेऊन तिच्यावर पांढरे व्हिनेगर ओतावे आणि कान जवळ नेऊन ऐकावे. ती फसफसली तर तिच्यात चुना आहे, आणि अशा मातीला गंधक किंवा आम्ल घालून कायमची आम्लधर्मी करण्याचा नाद सोडून द्यावा, कारण घातलेले आम्ल आधी चुना खाऊन टाकतो आणि चुन्याचा साठा काही संपत नाही. कुंपणभिंतीच्या कडेला ही चाचणी बहुतेकदा जोरात लागते. बांधकामाच्या वेळी पडलेला गिलावा, सिमेंटचे पाणी आणि विटांचा चुरा तिथेच पुरलेला असतो, आणि प्रत्येक पावसात भिंतीतून थोडा चुना झिरपत राहतो.

आता खतांविषयी स्पष्टच लिहितो, कारण नुकसान इथेच होते आहे. बोनमील म्हणजे मुख्यत्वे कॅल्शियम फॉस्फेट. त्यातले कॅल्शियम सामू खाली येऊ देत नाही आणि जास्तीचे स्फुरद उरलेसुरले लोह बांधून टाकते. फुलझाड म्हटले की बोनमील द्या, हा सल्ला गुलाबाच्या बाबतीत खपून जातो, परंतु एक्झोराला तो उलटा लागू पडतो. अंड्यांची टरफले म्हणजे चुनाच, आणि चुलीची किंवा होमाची राख त्याहूनही तीव्र अल्कधर्मी असते. ही तिन्ही आजपासून बंद करावीत. चांगले कुजलेले शेणखत चालते, मात्र मातीच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. चहाचा चोथा धुऊन घातला तर अपाय नाही, पण त्याने सामू उतरतो हा समज फारसा खरा नाही. रासायनिक खत द्यायचेच असेल तर अमोनियम सल्फेट निवडावे, कारण त्यातला अमोनिया मातीत रूपांतरित होताना आम्ल सोडतो. बारा इंची कुंडीला महिन्यातून एकदा दोन ते तीन ग्रॅम, ओल्या मातीत, मार्च ते सप्टेंबर या काळातच द्यावे, आणि त्याच्या जोडीला दोन महिन्यांतून एकदा तितकेच सल्फेट ऑफ पोटॅश द्यावे.

पाण्याचा भाग लोक विसरतात, आणि माझ्या मते कुंड्यांच्या बाबतीत तो मातीपेक्षाही निर्णायक आहे. खडकवासला साखळीतल्या धरणांतून येणारे महापालिकेचे पाणी सह्याद्रीच्या पावसाचे असल्यामुळे तुलनेने मृदू असते आणि ते एक्झोराला चालते. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मात्र जड असते. त्यातले बायकार्बोनेट रोजच्या रोज कुंडीत साठत जाते आणि उत्तमोत्तम मिश्रणही वर्षभरात पुन्हा अल्कधर्मी होते. कुंडीच्या काठावर आणि बशीत पांढरा थर धरत असेल तर याचा पुरावा समोरच आहे. सगळ्यात वाईट म्हणजे घरच्या आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी, कारण त्यात मूळ पाण्यातले क्षार अधिक दाट होऊन उतरलेले असतात. पाणी वाचवण्याची इच्छा कितीही चांगली असली तरी ते लादी पुसायला वापरावे, एक्झोराला घालू नये. त्याच घरातल्या एसीतून ठिबकणारे पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असते आणि ते बादलीत धरून खुशाल द्यावे. पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी पिंपात साठवता आले तर सोन्याहून पिवळे. बोअरच्या पाण्यावाचून गत्यंतर नसेल तर दहा लिटरला दोन ते तीन ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल, विरघळवून सामूपट्टीने तपासावे आणि सहा ते साडेसहाच्या दरम्यान सामू आला की तेच प्रमाण पुढे ठेवावे. जड पाण्याला जास्त लागते, मृदू पाण्याला कमी, म्हणून पट्टीशिवाय अंदाजाने ओतू नये.

गच्चीतल्या कुंड्यांची माती मी सरळ बदलायला सांगेन, आणि त्यासाठी जूनचा पहिला पंधरवडा उत्तम. घाटमाथ्याकडून येणारी तांबडी माती चार भाग, धुतलेले कोकोपीट तीन भाग, पालापाचोळ्याचे कुजलेले खत दोन भाग आणि निचऱ्यासाठी भाताचे तूस एक भाग, असे मिश्रण पुरते. रोपवाटिकेत ‘लाल माती’ म्हणून जे मिळते त्यावरही व्हिनेगरची चाचणी करूनच ते घ्यावे. तांबूस मुरूम आणि जांभ्याची माती दिसायला सारखी असली तरी झाडाला तो फरक महिन्याभरात कळतो. कुंडीतून झाड काढल्यावर मुळांचा गोळा नीट पाहावा. पुण्यात विकली जाणारी पुष्कळ शोभेची झाडे आंध्र प्रदेशातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून येतात आणि चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात बांधलेली असतात. तो गोळा तसाच भुसभुशीत मिश्रणात पुरला तर पाणी बाजूने निसटते आणि मुळे वर्षानुवर्षे आतच घुटमळत राहतात. गोळा अर्धा तास पाण्यात बुडवून बाहेरचा एक तृतीयांश भाग बोटांनी हलकेच मोकळा करावा, गुरफटलेली मुळे सरळ करावीत आणि मगच झाड लावावे. त्यानंतर आठवडाभर सावली, मग हळूहळू ऊन.

माती आणि पाणी सुधारल्यावर लोह द्यावे, आधी नव्हे. चिलेटेड लोह म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या संयुगाने धरून ठेवलेले लोह. त्याच्या पुडीवर कोणते चिलेट, म्हणजे धरून ठेवणारे संयुग, आहे हे वाचणे आवश्यक आहे, कारण ईडीटीए प्रकारचे चिलेट सामू साडेसहाच्या वर गेला की लोह सोडून देते आणि पुण्याच्या जमिनीत घातलेले पैसे वाया जातात. ईडीडीएचए प्रकार अल्कधर्मी मातीतही टिकतो. द्राक्षबागायतदारांना तो परिचित आहे, त्यामुळे कृषिसेवा केंद्रात मागितला तर मिळतो. महाग आहे, पण कुंडीला एक ते दोन ग्रॅम, एक लिटर पाण्यात विरघळवून, संध्याकाळी मातीत ओतले की दीड-दोन महिने पुरते. त्याच्या लालभडक पाण्याचे डाग लादीवर पडतात, म्हणून बशी आधी काढून ठेवावी. स्वस्तात काम भागवायचे असेल तर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला तीन ते पाच ग्रॅम आणि त्यात एक ग्रॅम लिंबूफूल घालून सायंकाळी पानांवर फवारता येते. पाने आठ-दहा दिवसांत हिरवी होऊ लागतात, पण पुढची पालवी पुन्हा पिवळीच येते, कारण पानावर दिलेले लोह नव्या पानांकडे फारसे सरकत नाही. मातीत मात्र नुसते हिराकस टाकू नये; चुन्याशी गाठ पडताच ते निकामी होते.

कुंपणाच्या रांगेबद्दल माझे मत तितके आशादायक नाही. खड्डा खणून तांबडी माती भरली तरी आजूबाजूचा चुना दोन-तीन पावसाळ्यांत आत शिरतो. तिथे एक्झोराच हवा असेल तर भिंतीपासून किमान तीन फूट सोडून जमिनीच्या वर सव्वा ते दीड फूट उंचीचा वाफा करावा, त्याच्या कडा सिमेंटने न बांधता दगड रचून कराव्यात, आणि वर पालापाचोळ्याचा जाड थर कायम ठेवावा. एवढा खटाटोप नको असेल तर ती जागा चुना सोसणाऱ्या झाडांना द्यावी. कामिनी तिथे चांगली येते. हॅमेलिया हे एक्झोराच्याच कुळातले असूनही चुनखडीत तक्रार करत नाही आणि त्याच्या नारिंगी नळीदार फुलांवर शिंजीर पक्षी दिवसभर येतात. आणि मुलांना मध चाखवणारे झुडूपच लावायचे असेल, तर आपल्या डोंगरांवरची धायटी आहे. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सिंहगडाच्या आणि पुरंदरच्या उतारांवर तिच्या लाल-केशरी फुलांचे तुरे दिसतात, त्यांत मध एक्झोरापेक्षा भरपूर असतो, आणि बेसाल्टच्या मुरमाड जमिनीत वाढण्यासाठी तिला कोणत्याही चिलेटची गरज पडत नाही. आयुर्वेदात आसवे-अरिष्टे आंबवण्यासाठी धातकी म्हणून वापरतात ती हीच फुले. रोपवाटिकांत तिला अजून का स्थान नाही, हे मला आजवर उमगलेले नाही.

फुले न येण्याचे कारण निम्मे पिवळेपणात आहे, उरलेले छाटणीत. एक्झोराचा घोस नव्या फांदीच्या टोकाला येतो. सोसायटीचा माळी दर पंधरा दिवसांनी कात्रीने कुंपण सपाट करत असेल तर तो प्रत्येक वेळी येऊ घातलेल्या कळ्याच उडवत असतो. वर्षातून एकदा, थंडी ओसरल्यावर फेब्रुवारीच्या अखेरीस, प्रत्येक फांदी एक तृतीयांश छाटावी आणि नंतर फक्त सुकलेले घोस, खालच्या पानांच्या एका जोडीसह, काढत राहावे. दिवसाला चार-पाच तासांचे थेट ऊन लागतेच; त्याहून कमी असेल तर पाने सुंदर येतात आणि फुले येत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीसमोरच्या कुंड्या मात्र दुपारपुरत्या आडोशाला घ्याव्यात.

आता मधाकडे वळतो. लाल एक्झोराच्या फुलातला मध खाण्यास योग्य आहे. कोकणात आणि केरळात मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या तो चोखत आल्या आहेत, आणि त्याची पिकून काळपट झालेली लहान फळेही खातात. फूल देठातून खेचून काढले आणि नळीच्या खालच्या टोकाने आतला बारीक तंतू ओढला की त्याच्या टोकाशी पारदर्शक थेंब दिसतो. तो सकाळी चांगला मिळतो, पाऊस पडून गेल्यावर पाणचट लागतो, आणि झाडाला पाण्याचा ताण असेल तर जवळपास नसतोच. देशी लाल जातीची नळी लांब असते. बुटक्या ‘मिनी’ जातींची तुलनेने आखूड असून त्यांच्यात चोखण्यासारखे फारसे काही नसते. हा मध मुळात लांब सोंडेच्या फुलपाखरांसाठी असतो. 2015 मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले ब्लू मॉरमॉन एक्झोराच्या घोसांवर हमखास घुटमळते, म्हणून नातीने प्रत्येक घोसातली थोडीच फुले घ्यावीत आणि बाकीची तशीच राहू द्यावीत.

धोका मधात नसून फवारणीत आहे. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिफेट यांसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके मुळांतून किंवा पानांतून झाडाच्या रसात शिरतात आणि फुलाच्या मधापर्यंत पोहोचू शकतात. फूल धुतल्याने ती जात नाहीत. शोभेची झाडे कोणी खाणार नाही, या समजुतीने रोपवाटिकेत ती सढळ हाताने वापरली जातात, आणि काष्ठीय झुडपात इमिडाक्लोप्रिडचे अंश महिनोन्‌महिने टिकू शकतात. म्हणून विकत आणलेल्या झाडाचा मध मी पहिले संपूर्ण वर्ष कोणालाही चोखू देत नाही. तुमच्या कुंड्या त्याहून जुन्या असतील आणि त्या काळात गच्चीत असे औषध वापरलेले नसेल, तर नातीला हरकत नाही. कुंपणाच्या रांगेतली फुले मात्र वर्ज्य समजावीत, कारण सोसायटीने नेमलेला कीटकनियंत्रणवाला तिथे काय आणि कधी मारून जातो याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. रस्त्याकडेची आणि सार्वजनिक बागेतली फुले याच कारणाने नकोत.

मुलीला आणखी एक गोष्ट पक्की शिकवावी लागेल: फूल नळीदार आहे म्हणून ते चोखायचे नाही. पुण्यातल्या रस्तादुभाजकांवर आणि बागांत कण्हेर आणि बिट्टी सर्रास लावलेली असते, आणि ही दोन्ही झाडे हृदयावर परिणाम करणाऱ्या विषाची आहेत. धोतऱ्याची मोठी कर्ण्यासारखी फुलेही तितकीच घातक. ओळख अशी करून द्यावी की एक्झोराच्या फुलाला चार पाकळ्या असतात, पाने समोरासमोर जोडीने येतात आणि पान तोडल्यावर चीक निघत नाही. कण्हेरीला पाच पाकळ्या, आणि लांबट पाने बहुधा एका ठिकाणी तीन-तीन असतात. घोसांमुळे एक्झोरासारखी वाटणाऱ्या घाणेरीची पाने खरखरीत असून चुरगळल्यावर उग्र वास येतो. तरीही सहा वर्षांच्या मुलीसाठी सर्वांत सुरक्षित नियम म्हणजे घरच्या ठरलेल्या कुंडीतलेच फूल, तेही मोठ्यांना विचारून.

त्या ठरलेल्या कुंड्यांवर कीड पडली तर उपाय सौम्यच ठेवावे लागतात. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पेरांत दडतात, त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी धरते आणि मुंग्या वर-खाली धावू लागतात. पाण्याची जोराची धार, मग जुन्या दातघासणीने पेरे घासणे, आणि आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा लिटरला पाच मिलिलिटर निमतेल थोड्या साबणाच्या पाण्यात फेटून फवारणे, एवढ्याने बहुतेकदा भागते. फवारणीआधी उमललेले घोस काढून टाकावेत आणि नवे उमलेपर्यंत मध बंद ठेवावा.

औषधाच्या पूर्वेतिहासाची शंका पूर्णपणे टाळायची असेल तर घरच्याच निर्धोक झाडापासून नवी रोपे करावीत. जुलै-ऑगस्टमध्ये, ज्या फांदीवर फुले नाहीत आणि जिचा हिरवा रंग नुकताच तपकिरी होऊ लागला आहे, तिचे चार ते सहा इंचांचे फाटे घ्यावेत, वरची दोन पाने अर्धी कापून ठेवावीत, खालचे टोक मुळे फुटण्याच्या पावडरीत बुडवावे आणि ओलसर कोकोपीट व तुसाच्या मिश्रणात खोचून वर पारदर्शक पिशवी घालावी. एक्झोरा मुळे धरायला सावकाश, दीड-दोन महिने घेतो, म्हणून फाटा उपटून पाहण्याचा मोह आवरावा. टोकाला नवी पाने फुटून ती वाढू लागली की समजावे. हमखास यश हवे असेल तर त्याच दिवसांत पेन्सिलीच्या जाडीच्या फांदीवर गुटी कलम बांधावे, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिची थोडी साल काढून, तिथे ओले शेवाळ बांधून मुळे फुटू द्यावीत. दोन्ही पद्धतींत रोप ऑक्टोबर संपायच्या आत चार इंची पिशवीत जायला हवे, आणि थंडीत त्याला खत न देता फेब्रुवारीच्या अखेरीस वर सांगितलेल्या मिश्रणात आठ इंची कुंडीत हलवावे.